चिनी बाई काय म्हणाली

बारसं झालं आणि दुसऱ्या दिवसापासून नंदाच्या पोटरीत गोळा यायला लागला.

पोराला अंगावर घेऊन ती जरा टेकायची, तोच डाव्या पोटरीत दगडासारखं काहीतरी घट्ट व्हायचं, पायाची बोटं वाकडी व्हायची आणि ती अशी ओरडायची की पदराखालचं पोरही दूध सोडून रडायला लागायचं. मग घरातल्या बायका धावत यायच्या. आई शालूबाई पोराला उचलायची, सुईण धोंडाबाई असली तर ती पाय धरायची, आणि तिसरी उंबऱ्यावर उभी राहून सांगायची, "आमच्या उर्स्याला बाळंतिनीला असलं काय व्हत न्हाई."

ही तिसरी म्हणजे नंदाची सासू रतनबाई. बारशाला म्हणून उर्स्याहून कुसगावला आली, ती परत गेलीच नाही. पहिला नातू, तो सोडवेना, हे एक. आणि सुनेला विहिणीच्या हाती सोपवून निघून जायचं म्हणजे काय, हे दुसरं. अंगानं उंच, आवाज खणखणीत. आली होती पाहुणी म्हणून, पण दोनतीन दिवसांत शालूबाईच आपल्या चुलीपाशी पाहुणीसारखी अंग चोरून बसायला लागली. शेगडीत कोळसा किती, भातावर तूप किती, बाळंतिणीनं कुठल्या कुशीवर निजायचं, सगळं रतनबाई ठरवायची. जेवणाच्या बाबतीत तर तिचा शब्द म्हणजे सरकारी हुकूम. सकाळी मऊ भात, संध्याकाळी मऊ भात, मध्ये अळिवाची खीर.

"सव्वा महिना सरंस्तवर चुलीवर वशाट चढायचं न्हाई," तिनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

नंदा वीस वर्षांची. माहेरी बाळंतपणाला यायचं म्हणून ती महिनोन्‌महिने आईच्या हातच्या मटणाच्या रश्श्याची वाट बघत होती. लग्नाआधी बापाबरोबर दुधाच्या किटल्या घेऊन ती लोणावळ्यातल्या बंगल्यांवर जायची. तिथल्या माळ्यांच्या आणि खानसाम्यांच्या बायकांशी गप्पा मारून मारून तिला बाजारी हिंदी फाडफाड येऊ लागली होती. गावातल्या बायकांत हे येणारी ती एकटीच. जीभ चपळ, पण सासूपुढं ती जीभ दातांमागं ठेवायची. सासूला ती "व्हय आत्याबाई" आणि "न्हाई आत्याबाई" यापलीकडे कधी बोलली नव्हती.

गोळ्यावर उपाय सगळे झाले. ओव्याचा शेक झाला, तिळाचं कोमट तेल झालं, पायाला काळा दोरा झाला, उशाखाली विळा ठेवून झाला. धोंडाबाईनं पाय इतका रगडला की पोटरी निळी पडली. मार्गशीर्षातली थंडी, त्यात लोणावळ्याकडून येणारा वारा. गोळा काही मागं हटेना.

नंदाचा बाप महिपती अजूनही रोज दूध घेऊन लोणावळ्याला जायचा. एका सकाळी बंगल्यांचं दूध घालून तो बाजारात किराणावाल्यापुढं उभा राहिला आणि गोळ्यावर काही औषध आहे का विचारू लागला. किराणावाला म्हणाला, "पोटात गोळा की पायात?" महिपतीला नीट सांगता येईना. शेवटी त्यानं किटली खाली ठेवली, एक पाय उचलला, बोटं वाकडी केली आणि लेकीसारखं तोंड करून दाखवलं. भर बाजारात धोतर सावरत एका पायावर उभा राहिलेला महिपती बघून दुकानातली माणसं हसू लागली.

एकच बाई हसली नाही. दुकानाच्या पायरीशी ती रंगीत कागदाची फुलं आणि पंखे मांडून बसली होती. निळी इजार, गळ्यापर्यंत बंद केलेलं निळं बंडीसारखं काहीतरी, केसांचा घट्ट अंबाडा. ती चीनमधली. थंडीत मुंबईची मंडळी बंगल्यांवर येऊन राहिली की तिचा नवरा सायकलवर रेशमाचे तागे लादून बंगल्या-बंगल्यांनी फिरायचा आणि ही बाजारात बसायची. तिचं नाव होतं शिऊ. बाजारानं त्याचं शिवूबाई करून टाकलं होतं.

शिवूबाई उठली, महिपतीच्या पायाशी बसली आणि त्याच्या पोटरीच्या बरोबर मध्यावर अंगठा दाबला. परक्या बाईनं भर बाजारात पाय धरलेला, महिपतीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पण पाय मागं घ्यायचं त्याला सुचेना. आधी एक सणसणीत कळ गेली आणि मग ऊन पाण्यात पाय बुडवावा तशी पोटरी सैल झाली.

"कुणाला होतं हे?" तिनं हिंदीत विचारलं. "बायकोला?"

महिपतीनं हातांचा पाळणा करून हलवून दाखवला आणि म्हणाला, "लेक. लेक."

तिनं फुलं टोपलीत भरली, टोपली किराणावाल्याच्या स्वाधीन केली, एक गाठोडं काखेत मारलं आणि महिपतीच्या मागोमाग कुसगावची वाट धरली.

दारात रतनबाई उभी होती. तिनं इजारीपासून अंबाड्यापर्यंत बघून घेतलं आणि विचारलं, "ह्ये काय आनलंया?"

"औषीद," महिपती म्हणाला आणि घाईघाईनं गोठ्यात निघून गेला.

रतनबाई काही बोलायच्या आत आतून नंदा ओरडली. तेव्हा सगळ्याच आत धावल्या, आणि शिवूबाई सगळ्यांच्या पुढं.

बाळंतिणीच्या खोलीत शिरल्यावर तिनं आधी चारी बाजूंनी नजर फिरवली. खिडकी बंद. बाजेखाली शेगडी. नंदाच्या कानाला फडकं घट्ट बांधलेलं. शिवूबाईनं समाधानानं मान हलवली. कोपऱ्यातलं मडकं दाखवून तिनं विचारलं, हे पाणी गार की ऊन? नंदानं कण्हत सांगितलं, उकळलेलं. शिवूबाईनं पुन्हा मान हलवली. मग हात शेगडीवर चांगले तापवून घेतले आणि मगच पायाला लावले.

"ही तर आपल्यातलीच दिसती," शालूबाई धोंडाबाईच्या कानात म्हणाली.

शिवूबाईनं पाय रगडला नाही. गुडघ्यामागच्या खळगीत एक बोट, पोटरीच्या मध्यावर अंगठा, आणि दुसऱ्या हातानं पायाची बोटं हळूहळू वर वळवली. गोळा सुटला. मग तिनं गाठोड्यातून कसला तरी सुकलेला पाला काढला. तो तळहातावर चोळून चोळून त्याचा कापूस केला आणि वाटाण्याएवढी गोळी वळली. पोटरीवर आल्याची चकती, चकतीवर ती गोळी, आणि गोळीला निखारा.

"सुनंला डागाया लागली ही," रतनबाई म्हणाली.

पण डाग बसलाच नाही. गोळी मंद धुमसत राहिली, आल्यातून ऊब पायात उतरत गेली आणि खोलीत कडवट गोड वास भरला. धोंडाबाईनं नाक वर करून तो दोनतीनदा घेतला. "ह्यो तर रानदवना," ती म्हणाली. "रुळाच्या कडंनं पोत्यानं उगवतोय. ढोरं बी खात न्हाईत."

नंदाचे डोळे मिटत आले होते. शिवूबाई बोलत होती आणि नंदा ते मराठीत करून सांगत होती. शिवूबाईचं हिंदी कलकत्त्याच्या बाजारात शिकलेलं, त्यात बोलणं भरभर. शालूबाई-धोंडाबाईला एखादा शब्द ओळखीचा वाटे न वाटे तोवर पुढची चार वाक्यं होऊन जात.

ती म्हणाली ते असं. बाळंतपणात रक्त गेलं की अंगातल्या शिरा कोरड्या पडतात, विहिरीवरचा दोर उन्हात पडून राहावा तशा. कोरड्या दोराला थंडी लागली की तो आखडतो. तो ओढला तर गाठ आणखी बसते. आधी ऊब द्यायची, मग ओल द्यायची, मग गाठ आपोआप सुटते. ऊब ही या पाल्याची. ओलीसाठी तिनं एका मुळीचे पांढरे काप दिले. ती तिच्या देशातली होती, ती ज्येष्ठमधाबरोबर उकळून रोज प्यायची. इथवर नंदानं जसंच्या तसं सांगितलं.

मग शिवूबाई म्हणाली, जेवायला डुकराचे पाय द्या. आलं घालून, आंबट शिरक्यात दिवसभर शिजवलेले.

नंदानं डोळे उघडले. बाजेभोवती तिन्ही बायका कान देऊन उभ्या होत्या. डुक्कर म्हटलं असतं तर चिनी बाई, तिचा पाला आणि तिची मुळी, सगळं त्याच पावली अंगणाबाहेर गेलं असतं. नंदानं विचार केला तो एवढाच. पण तेवढ्यात तिच्या तोंडाला पाणीही सुटलं होतं.

"ती म्हन्ती, बाळंतिनीला पाया द्या," नंदा म्हणाली. "बकऱ्याचा. आलं-लसून लावून, चांगला मंद कोळशावर शिजिवल्याला. त्याबिगर गोळा मुळापास्नं जायाचा न्हाई."

शालूबाईनं भीत भीत विहिणीकडं बघितलं. रतनबाई बराच वेळ शिवूबाईच्या तोंडाकडं बघत राहिली. तिच्या ओठांचा एक कोपरा हलला. मग ती म्हणाली, "औषीदच हाय म्हनल्यावर काय बोलायचं. करा पाया."

दुसऱ्या दिवशी महिपतीनं लोणावळ्यातल्या खाटकाकडून पाय आणले. त्या घरात असा पाया कधी शिजला नव्हता. नंदानं दोन वाडगे ओरपले. रतनबाई म्हणाली, औषध सुनेच्या अंगी लागतं की नाही हे आपल्यालाही चव घेऊन बघायला हवं, आणि तिनं तीन ओरपले.

शिवूबाई एक-दोन दिवसाआड येऊ लागली. अंगठा, रानदवणा, आलं आणि काढा यांनी गोळा खरोखर उतरणीला लागला. आणि तो उतरू लागला तसं नंदाचं भाषांतर चढू लागलं.

शिवूबाई म्हणाली, पायावर पांघरूण असू दे. नंदानं सांगितलं, "ती म्हन्ती, बाळंतिनीला उजाडल्या-उजाडल्या उठवायचं न्हाई. उनं अंगनात येऊस्तवर निजू द्यायचं."

शिवूबाई म्हणाली, तुमचं पोर गुटगुटीत आहे. नंदानं सांगितलं, "ती म्हन्ती, घरात मोट्यानं बोलायचं न्हाई. राग ऐकला की त्यो कानातनं उतरतोय आन पोटरीत जाऊन बसतोय."

त्यानंतर दोन दिवस रतनबाई कुजबुजल्यासारखी बोलत होती. शालूबाईला ते इतकं विपरीत वाटलं की तिनं विहिणीला ताप आहे का हे कपाळाला हात लावून बघितलं.

तिसऱ्या खेपेला शिवूबाई पाणी मागत होती. प्यायला, ऊन. नंदानं पाणी मागवलं आणि वर म्हणाली, "ती म्हन्ती, तळव्याला सुंठीचा लेप लावाया पायजे. आन त्यो सासूनंच लावायचा. आईच्या हातात मायेची ऊब असती ती वरवरची. सासूच्या हाताची आत मुरती."

हे जरा जास्तच झालं असं तिचं तिलाच वाटलं. रतनबाईनं पुन्हा एकदा शिवूबाईकडं बघितलं, मग सुनेकडं. आणि मग खाली बसून, पदर खोचून, मुकाट्यानं सुंठ उगाळायला घेतली. शालूबाई चुलीपाशी गेली आणि तिथं तोंडात पदर कोंबून उभी राहिली. विहिणीला आपल्या लेकीचे तळवे चोळताना बघायला मिळेल, असं तिला कुणी देवानं येऊन सांगितलं असतं तरी खरं वाटलं नसतं.

त्या लेपानं नंदाला गोड झोप लागायची. सासूचे हात मोठे, खरबरीत, पण लेप लावताना ते अगदी सावकाश फिरायचे. कधी कधी नंदाला वाईटही वाटायचं. मग चुलीवर शिजणाऱ्या रश्श्याचा वास यायचा आणि ते वाटणं जायचं.

होता होता एक दिवस नंदाचा नवरा सोपान बैलगाडी घेऊन दारात आला. साधाभोळा, कष्टाळू माणूस. पोराला मांडीवर घेऊन त्यानं त्याच्याकडं पोटभर बघितलं आणि मग ओट्यावर बसून आईला म्हणाला, "आये, आता समद्यांनी चला. सव्वा महिना व्हत आला. घरी मी आन आबा दोगंच. आबा रोज भाकरी करपिवत्यात आन मलाच बोलत्यात."

आतून नंदानं ऐकलं. उर्स्याला गेलं की उजाडायच्या आत जात्यावर बसायचं, मग झाडलोट, मग विहीर, मग शेत. पोर खोपीत. तिनं डोळे मिटले आणि किंकाळी फोडली.

शालूबाई धावली. शिवूबाई त्या दिवशी आलेलीच होती, परसात रानदवणा वाळत घालत होती. तीही धावली. रतनबाई सगळ्यांच्या मागून आली आणि तिनं आत येऊन दार लोटून घेतलं.

नंदा उजवा पाय धरून तळमळत होती. शिवूबाईनं पाय हातात घेतला. मध्यावर अंगठा दाबला, खळगीत बोट घातलं, बोटं वळवून बघितली. मग डावा पाय बघितला. मग नंदाच्या तोंडाकडं बघितलं आणि कमरेवर हात ठेवून ती म्हणाली, गोळा-बिळा काही नाही. दोन्ही पाय लोण्यासारखे मऊ आहेत. आजवर डावा दुखत होता, आज उजवा कसा? ही पोरगी थापा मारतेय.

"काय म्हनली?" शालूबाईनं घाबरून विचारलं.

"ती म्हन्ती," नंदा कण्हत म्हणाली, "गोळा लय खोल गेलाय. डाव्यातनं उजव्यात उतरलाय. संक्रातीपातुर गाडीचा हादरा बसला तर पाय कायमचा जाईल."

मग रतनबाई पुढं आली, शिवूबाईच्या खांद्यावर हात ठेवला आणि शांतपणे म्हणाली, "मालूम है, बहन. पहले दिन से मालूम है."

नंदा कण्हायचीच विसरली. शिवूबाईनं चमकून रतनबाईकडं बघितलं आणि दोघी भडाभडा हिंदीत बोलायला लागल्या. शालूबाई इकडून तिकडं मान फिरवत राहिली. नंदाला मात्र प्रत्येक शब्द कळत होता, आणि कळला नसता तर बरं झालं असतं असं तिला वाटत होतं. शिवूबाई विचारत होती की डुकराच्या पायाचं या घरात नक्की काय झालं. रतनबाई सांगत होती की त्याचं बोकड झालं, आणि फार चांगलं झालं.

"आत्याबाई," नंदा उठून बसत म्हणाली, "तुमाला ही भाषा..."

"येती," रतनबाई मराठीत म्हणाली आणि बाजेच्या कडेला बसली. "माजा बाप इगतपुरीला इंजनाच्या शेडात हुता. चाळीत निम्मं भय्ये, निम्मं पठान. धा-बारा वर्साची व्हईस्तवर मी हेच बोलत हुते. बाप मेला तवा मामानं त्याच्या गावी, बऊरला आनलं. तितं हे बोलले की पोरी हसायच्या, म्हनून बंद केलं."

"पन मला कुनी कदी सांगितलं न्हाई."

"तू कदी इचारलंस? सासू जनू सासू म्हनूनच जल्माला आली."

नंदानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "मंग पहिल्याच दिशी का बोलला न्हाई?" तिनं हळूच विचारलं.

"पहिल्या दिशी म्हनलं, पोरीला भूक लागली आसंल, खाऊ दे. मंग पाया लय झ्याक झाला. मंग म्हनलं, बगू तर खरं ही कुटवर जाती." रतनबाईनं तिच्याकडं बोट रोखलं. "सुंठीचा लेप लावायच्या दिशी मातर तुज्या थोबाडीत द्यावीशी वाटली हुती."

"मंग?"

"मंग लावला लेप आन बगितलं तुज्या तोंडाकडं. म्हनलं, पाय कुनी असं धरलं की बाईला किती बरं वाटतंय." तिनं लुगड्याचा काठ जरा वर घेतला. तिच्या पोटरीवर शिरा दोरासारख्या उठल्या होत्या. "सोपानच्या येळंला न्हानं उरकलं आन सासूनं मला जात्यावर बसवली. तवापास्नं गोळं येत्यात. आजून येत्यात. उंबऱ्यावर हुबी ऱ्हायचे ना मी, ती त्याचपायी. लय येळ बसलं की गोळा येतोय."

शालूबाईच्या डोक्यात आता काहीतरी लख्ख झालं. "त्यो काढा," ती म्हणाली. "रोज निम्मा व्हायाचा. मी मांजरावर आळ ठिवत हुते."

"मांजर कशाला ज्येष्ठमध पिईल, इहीनबाई," रतनबाई म्हणाली, आणि तेवढ्यात तिला पहिल्यांदाच लाजल्यासारखं झालं.

शिवूबाईला हे बोलणं कळलं नव्हतं, पण उघडी पोटरी कळली. तिनं रतनबाईला खांदे धरून बाजेवर आडवी केली. अंगठा मध्यावर टेकताच रतनबाईच्या तोंडून एक शिवी गेली, इगतपुरीच्या चाळीतली. शिवूबाई खूप हसली. पाला चोळता चोळता तिनंही आपलं सांगितलं. तिला पहिली मुलगी झाली ती कलकत्त्यात, एका भाड्याच्या खोलीत. नवरा फिरतीवर. सासू, आई, सगळं गणगोत समुद्रापलीकडं. महिनाभर बाहेर पडायचं नाही, गार पाण्याला हात लावायचा नाही, हे तिला ठाऊक होतं, पण पाणी भरणार कोण? गोळा आला की ती भिंतीला पाय टेकवायची आणि आजीला करताना बघितलं होतं ते आठवून आपल्याच अंगठ्यानं आपलीच पोटरी दाबायची. मुलगी आता तिकडं आजीपाशी होती. नंदाचं पोर मांडीवर घेतलं की तिला ती आठवायची.

हे नंदानं आईला जसंच्या तसं सांगितलं. एक शब्दही इकडचा तिकडं केला नाही. शालूबाई उठली आणि डिंकाच्या लाडवांचा डबाच शिवूबाईपुढं आणून ठेवला.

बाहेर ओट्यावर सोपान ताटकळला होता. "आये," त्यानं हाक मारली, "काय म्हनली ती बाई? गाडी जुपू का?"

नंदानं सासूकडं बघितलं. आता काय होणार हे तिला दिसत होतं. गाडी, जातं आणि वर जन्मभराचे टोमणे. रतनबाई उठली, लुगडं नीट केलं, दार उघडून बाहेर गेली आणि तिचा जुना खणखणीत आवाज नंदाच्या कानांवर आला.

"सोपाना, चिनी बाई म्हन्ती, गोळा लय खोल गेलाय. संक्रातीपातुर नंदीला गाडीचा हादरा नगं."

"बरं," सोपान म्हणाला. "मंग तू तरी चल."

"मी बी न्हाई."

"तुला काय झालं?"

"मला काय हुतंय? पन तिचं म्हननं आसं हाय की सासूचं पाय गार पडलं की सुनंच्या पोटरीत गोळा उठतोय. म्हनून सासूला बी निजवून शेकायचं. नातवासाटी करायचं बाबा समदं."

आत नंदानं उशी तोंडावर घेतली. तिचे खांदे गदगदत होते. शालूबाईला वाटलं, पोरगी रडतेय, आणि ती तिच्या पाठीवरून हात फिरवू लागली.

सोपाननं थोडा विचार केला. त्याला यातलं काही पटत नव्हतं, पण आईशी वाद घालून जिंकल्याचा अनुभवही त्याच्या गाठीला नव्हता. "मंग भाकरीचं काय?" एवढंच त्यानं विचारलं.

"परातीत आधी ऊन पानी घ्यायचं. तव्यावर हात धरून बगायचा. करपली तर जाळ कमी करायचा," रतनबाईनं सांगितलं. "आन येताना पावट्याच्या शेंगा आन."

संक्रांतीपर्यंत बाळंतिणीच्या खोलीत दोन बाजा पडल्या. एकीवर नंदा, दुसरीवर रतनबाई, मध्ये शिवूबाई आणि पाळणा. आधी शालूबाईला वाटलं होतं की आपल्या डोक्यावर काम वाढलं. पण विहीण बाजेवर गेली आणि चूल तिची तिला परत मिळाली. ती मन लावून पाया शिजवू लागली. धोंडाबाई शिकायला म्हणून रोज येऊन बसायची. दोनतीन दिवसांत तिला अंगठ्याची जागा सापडली. मग ती शिवूबाईला म्हणाली की तू फुलं विकायला जात जा, इकडचं मी बघते. शिवूबाईनं ते मुळीच ऐकलं नाही. लाडू संपले नव्हते.

खोटं बोलल्याबद्दल रतनबाईनं सुनेला शिक्षा मात्र केली. संध्याकाळी शेगडीपाशी बसून नंदानं तिच्याशी हिंदीत बोलायचं. कित्येक वर्षं न बोललेले शब्द रतनबाईला एकेक करून आठवत गेले. ती इगतपुरीच्या चाळीतल्या भांडणांच्या गोष्टी सांगायची, कोण कुणाला काय म्हणालं ते आवाज काढून दाखवायची, आणि नंदा पोट धरून हसायची. "आत्याबाई" म्हणताना तिचा आवाज पूर्वी जसा खाली जायचा तसा आता जाईनासा झाला.

तीळगूळ झाल्यावर दोघी उर्स्याला गेल्या. बंगल्यांवरची मंडळीही मुंबईला परतली होती. शिवूबाई आणि तिचा नवरा तागे, फुलं, सायकल घेऊन पुण्याकडं निघाले. जाताना तिनं उरलेली सगळी मुळी शालूबाईच्या हाती दिली. पुढच्या थंडीत ती पुन्हा बाजारात दिसली. त्याच्या पुढच्या थंडीत आली नाही. तिच्या देशात लढाई लागली, रेशीम यायचं बंद झालं, असं किराणावाल्यानं महिपतीला सांगितलं. तो बरेच दिवस दूध घालून परतताना त्या पायरीकडं बघायचा.

उर्स्यात रतनबाईचा अंगठा हळूहळू प्रसिद्ध झाला. बाळंतिणी यायच्या, भातलावणीनं पाय भरून आलेल्या बायका यायच्या. रानदवणा वळून द्यायचं काम नंदाचं. मुळी संपली तेव्हा नुसत्या ज्येष्ठमधावर भागवलं. कधी गुण यायचा, कधी यायचा नाही. नाही आला तर रतनबाई सांगायची, पाया करून खा, आणि पाया खाऊन कुणी तक्रार घेऊन आलं नाही.

घरातल्या पुरुषांना मात्र एक नवीच पंचाईत झाली. सोपान आणि त्याचा बाप हौशीराम जेवायला बसले, की वाढता वाढता सासू-सून एकमेकींशी हिंदीत काहीतरी बोलायच्या आणि चुलीकडं तोंड करून हसायच्या. हौशीरामनं बायकोला विचारलं तर ती म्हणायची, मीठ बरोबर आहे का ते विचारत होते. मिठाबद्दल एवढं हसण्यासारखं काय असतं, हे त्याला कळत नव्हतं. शेवटी सोपाननं मनाशी ठरवून तळेगाव स्टेशनावरच्या एका हमालाकडून हिंदी शिकायला सुरुवात केली. बाजारच्या दिवशी भाजी विकून झाली की तो गुपचूप त्याच्यापाशी जाऊन बसायचा. त्याला खाणं, पिणं, जाणं, येणं इथवर जमलं तोवर घरात बातमी पोचली. त्यानंतर दोघी पाण्याला मिळूनच जायला लागल्या, आणि विहिरीवरून यायला त्यांना फार उशीर होऊ लागला.